भरलेली बाबीन, रिकामी बाबीन

हा लेख उशिरा आलाय हे आधीच कबूल करून टाकतो. संपादकाने मागितला त्याला चार महिने झाले. निरोप आला की मी म्हणायचो, उद्या देतो. शेवटी त्याने विषयच बदलला. म्हणाला, “तू आता चालढकल या विषयावरच लिही. त्यात तरी तुझा अभ्यास आहे.”

तो हसत बोलला, पण मला लागलं. कारण खरं होतं.

मी इचलकरंजीच्या बाजूला एका सूतगिरणीत रिंगफ्रेमवर सायडर आहे. शाळा दहावीला सुटली. पुढं जे काय वाचलं ते वाचनालयात, आणि रात्री मोबाईलच्या उजेडात. कविता लिहितो. लिहितो म्हणजे नेमकं काय करतो तेच इथं तपासायचंय. कारण गेली तीन वर्षं मी एक कविता लिहीत नाहीये.

ती कविता बापावर आहे. बाप मागावर होता. आयुष्यभर चार-चार माग चालवून शेवटी त्याला ऐकू येईनासं झालं. आई जेवायला हाक मारायची ती हात हलवून. तो गेला त्या आठवड्यात मला एक ओळ सुचली : ‘बापाच्या कानात माग राहिला’. तेवढीच. वही उघडली की ती ओळ समोर येते. मी वही मिटतो. म्हणतो, उद्या.

आता याला काय म्हणायचं? आळस?

आळशी हा शब्द आपल्या माणसांना फार स्वस्तात लावला जातो, म्हणून आधी त्याचाच हिशेब करू. गिरणीत मला चालढकल करायची सोयच नाही. एका फ्रेमला हजारावर चात्या. प्रत्येक चातीवर एक धागा. पाळी सुरू झाली की मी फेऱ्या मारत राहतो, नजर धाग्यांवर. कुठं तुटला की चाती थांबवायची, बाबिनीवरचं टोक शोधायचं, ट्रॅव्हलरमधून ओवायचं, वर रोलरला नेऊन सांधायचं. काही सेकंदांचं काम. ते ‘नंतर बघू’ म्हणता येत नाही. आठ तास मी एकही तुटलेला धागा उद्यावर टाकत नाही. तोच माणूस घरी येतो आणि एक वही उघडायची तीन वर्षं टाळतो. आळस अंगात असता तर तो गिरणीच्या दारात चपलांबरोबर काढून ठेवता आला नसता. म्हणजे हे दुसरं काहीतरी आहे.

आणखी एक गंमत बघा. कविता मला सुचते ती फ्रेमवरच. हात सवयीने चालतात, कानात एकसारखा आवाज असतो, आणि डोक्यात शब्द सुटायला लागतात. लिहायला तिथं कागद नाही, वेळ नाही, परवानगी नाही. आणि सुट्टीच्या दिवशी कागद आहे, वेळ आहे, तर शब्द नाही. मग मी उठतो. चहा पितो. वही नीट आहे का बघतो. पेनाची रिफिल बदलतो. वाचनालयात जाऊन दुसऱ्याच्या कविता वाचतो आणि स्वतःला सांगतो की हीसुद्धा तयारीच आहे.

हे खोटं आहे हे मला तेव्हाही कळत असतं. मी तयारी करत नसतो, मी भीत असतो. कशाला? दोन गोष्टींना. एक म्हणजे ऱ्हस्व-दीर्घ. शाळेत माझ्या वहीवर इतकी लाल शाई सांडली होती की अजून कोरा कागद दिसला की आधी तांबडाच रंग आठवतो. आणि दुसरी भीती जास्त खोल. डोक्यात आहे तोवर बापाची कविता मोठी आहे. कागदावर आली की ती जेवढी आहे तेवढीच दिसेल. कदाचित बाप पण तेवढाच दिसेल. म्हणून मी तिला कागदावर येऊ देत नाही. न लिहिलेल्या कवितेत चूक काढायला कुणाची छाती आहे?

पण थांबा. म्हणून प्रत्येक उशीर हा भ्याडपणाच, असं मी म्हणणार नाही. गिरणीनेच मला ते शिकवलंय.

गासडी फोडली की कापूस लगेच मशिनीत घालत नाहीत. दाबून दाबून आलेला असतो तो. त्याला मोकळा पडू देतात, फुगू देतात, हवेतला ओलावा घेऊ देतात. पुढं सूत तयार झालं की तेही अंगात ताजा पीळ घेऊन येतं. ते तसंच सैल सोडलं तर स्वतःभोवतीच वेटोळं घालतं. त्याला दमट हवेत ठेवतात, नाहीतर वाफ देतात. मग पीळ बसतो. बाहेरच्या माणसाला वाटेल, माल नुसता पडून आहे. माल पडून नसतो. पीळ बसत असतो.

पण हे होतं भरलेल्या बाबिनीचं. रिकामी बाबीन तुम्ही त्याच दमट खोलीत महिनाभर ठेवा. तिच्यावर काही बसणार नाही. धूळ बसेल.

माझा सगळा विचार या दोन बाबिनींवर उभा आहे. निर्मितीच्या कामात थांबणं वाईट नाही. प्रश्न एवढाच, थांबताना आत काही आहे का? सूत गुंडाळून ठेवलंय, की नुसतं लाकूड?

डार्विनची गोष्ट तुम्हाला माहीत असेल. सजीव कसे बदलत गेले याची त्याची मूळ कल्पना १८३८ सालातली. १८४२ ला त्याने छोटा आराखडा लिहिला. १८४४ ला तो वाढवून सव्वादोनशेच्या वर पानं केली, आणि बायकोला पत्र लिहून ठेवलं की मी मेलो तर हे छापून घे. आणि मग काय केलं? १८४६ पासून १८५४ पर्यंत, आठ वर्षं, समुद्रातल्या खडकांना चिकटून राहणाऱ्या बार्नेकल नावाच्या बारक्या प्राण्यांचा अभ्यास केला. पुस्तक आलं १८५९ च्या नोव्हेंबरात. मधे वीस-एकवीस वर्षं गेली. त्याने टाळलं की पिकवलं, यावर अभ्यासक अजून भांडतात. मला वाटतं दोन्ही असेल. पण एक नक्की, त्याची बाबीन भरलेली होती. पेटीत सव्वादोनशे पानं होती. त्या बारक्या प्राण्यांनी त्याचा हात पक्का केला.

पण ही गोष्ट इथंच संपवणारे अर्धीच गोष्ट सांगतात. डार्विनला वीस वर्षं मिळाली कुठून? घरची श्रीमंती होती. कुणाची पाळी भरायची नव्हती. त्याच काळात दुसरा एक माणूस होता, आल्फ्रेड रसेल वॉलेस. तो पूर्वेकडच्या मलाय बेटांत किडे, फुलपाखरं, पक्षी पकडून त्यांचे नमुने विकायचा आणि त्यावर पोट भरायचा. १८५८ साली तापाने फणफणत पडलेला असताना त्याला तीच कल्पना सुचली. ताप उतरल्यावर दोन संध्याकाळींत त्याने लेख लिहून काढला आणि पाठवला, तोही डार्विनलाच. मग डार्विनची झोप उडाली. १ जुलै १८५८ ला लंडनच्या लिनियन सोसायटीत दोघांचं लिखाण एकत्र वाचलं गेलं. एकाने वीस वर्षं घेतली, दुसऱ्याने दोन संध्याकाळी. ज्याचं पोट हातावर आहे आणि अंगात ताप आहे, तो उद्याचा भरवसा धरत नाही.

आपल्याकडे बघायचं तर अण्णा भाऊ साठे. शाळेत जेमतेम दीड दिवस. मुंबईत गिरणीत काम केलं, घाटकोपरच्या चिरागनगरात झोपडीत राहिले. ‘फकिरा’ १९५९ साली आली. कादंबऱ्याच तीसच्या वर, शिवाय कथा, लोकनाट्यं, पोवाडे. १९६९ ला गेले तेव्हा पन्नाशीसुद्धा गाठली नव्हती. हा माणूस ‘मूड’ येण्याची वाट बघत बसला असता तर आपल्या हातात काय आलं असतं? म्हणून मुरू देणं, पिकू देणं हे शब्द मी जपून वापरतो. ते शब्द भरल्या पोटी पटकन तोंडात येतात.

इथवर मी माझंच रडगाणं गायलो. माझी कविता उशिरा आली तर जगाचं काय बिघडतं? काही नाही. एक कविता कमी. पण चालढकलीचा हिशेब तिथं संपत नाही, हे मला एका अकरा वर्षांच्या पोरीने शिकवलं. आता तिच्याकडे येतो.

ती माझी भाची. आक्का आणि तिची दोन पोरं आमच्याकडेच राहतात. एक खोली, एक स्वयंपाकाचा आडोसा. पोरगी पाचवीत. शाळेतल्या बाईंनी आक्काला बोलावून सांगितलं, “मुलगी हुशार आहे, पण लक्ष नाही. हातात घेतलेलं गणित पूर्ण करत नाही. उद्या करते म्हणते.” आक्का घरी येऊन मला म्हणाली, “मामावर गेलीया.”

मला राग आला. स्वतःचा दोष दुसऱ्याच्या अंगावर दिसला की माणसाला जरा जास्तच राग येतो. त्या संध्याकाळी मी पोरीला अपूर्णांक घेऊन बसवलं. म्हटलं, ही दहा गणितं झाल्याशिवाय उठायचं नाही. ती बसली. दोन केली. मग खिडकीबाहेर बघायला लागली. मग वहीच्या मागच्या पानावर काहीतरी काढायला लागली. मी तिच्या पाठीत धपाटा घातला. ती रडली नाही. वही पालथी घातली आणि नुसती बसून राहिली.

नंतरच्या सुट्टीला मी वेगळं केलं. काही न बोलता कोपऱ्यात बसून मोजलं. पोरगी अभ्यासाला बसल्यापासून पाऊण तासात तिला नऊ हाका आल्या. नळाला पाणी आलं, कळशी लाव. धाकट्याला घे. दुकानातून चहाची पुडी आण. दारात कोण आलं बघ. धाकट्याला शी झाली. मोबाईल चार्जिंगला लाव. नऊ. त्यातली एक हाक माझी होती. मी तिला माझी चप्पल शोधायला उठवलं होतं.

फ्रेमवर मला कुणी पाऊण तासात नऊ वेळा बाजूला नेलं तर निम्मे धागे तुटून पडतील, आणि शिफ्टवाला मला विचारायच्या आधी मला नेणाऱ्याला विचारेल. गिरणीत लक्षाला किंमत आहे, कारण ते पगार देऊन घेतलेलं असतं. घरात पोरीच्या लक्षाला किंमत नाही. ते कुणीही, कधीही, फुकट तोडावं. आणि वर म्हणावं, लक्ष नाही.

मग मी तिची वही उघडून मागची पानं बघितली. खिडकीतून दिसणारा समोरचा कारखाना काढला होता. पत्र्याची एक-एक पन्हळ मोजून काढली होती. विजेच्या खांबावर किती तारा कुठून कुठं जातात तेसुद्धा. हे काम लक्ष नसलेल्या माणसाचं नाही. लक्ष होतं. ते अपूर्णांकांवर नव्हतं, कारण अपूर्णांकांची तिला भीती बसली होती. जशी मला ऱ्हस्व-दीर्घाची. ती खिडकीकडे पळत होती, मी पेनाच्या रिफिलकडे.

याचा अर्थ पोरीने चित्रं काढत बसावं आणि अपूर्णांक सोडून द्यावेत, असा काढू नका. लाडाने पोरं वाया घालवणं आपल्याला परवडत नाही. अपूर्णांक तिला आलेच पाहिजेत, नाहीतर उद्या पगाराच्या चिठ्ठीवर तिला कुणीही फसवेल. मी एवढंच म्हणतोय, रोग ओळखायच्या आधी धपाटा घालू नये.

मारिया मॉन्टेसरी या बाईंनी ६ जानेवारी १९०७ ला रोममध्ये सान लोरेन्झो या मजुरांच्या वस्तीत पहिलं बालघर उघडलं. आईबाप कामावर जायचे, पोरं मागं मोकाट. अशा पोरांचं लक्ष लागत नाही, असंच जग धरून चाललं होतं. तिथं एक तीनेक वर्षांची मुलगी लाकडी दट्ट्ये त्यांच्या मापाच्या भोकांत बसवत होती. बसवायची, काढायची, परत बसवायची. बाईंनी मोजायला सुरुवात केली. इतर पोरांना गाणं म्हणायला लावलं. मुलीला खुर्चीसकट उचलून टेबलावर ठेवलं. तिने दट्ट्ये मांडीत धरले आणि काम चालू ठेवलं. चाळीसहून जास्त वेळा तिने ते केलं. मग आपलीच थांबली, झोपेतून उठल्यासारखी, आणि खुश दिसली. मजुराचीच पोरगी होती. लक्ष तिच्यात आधीपासून होतं. कमी होती ती तिच्या हाताला येईल अशा कामाची, आणि मधे न बोलणाऱ्या मोठ्या माणसाची.

आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ ला बोर्डीत काम सुरू केलं आणि पुढं ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. वारली पोरं शाळेत येईनात. कारण त्यांच्या मागं गुरं होती, कडेवर धाकटी भावंडं होती. या बायांनी पोरांना आळशी म्हटलं नाही. गुरं चरतात तिथं कुरणशाळा नेली. धाकट्यांसाठी पाळणाघर शाळेला जोडलं. म्हणजे आधी पोरांच्या कडेवरचं ओझं उतरवलं, मग पाटी हातात दिली. हा क्रम महत्त्वाचा आहे. आम्ही उलटा क्रम लावतो. पाटी हातात देतो, ओझं कडेवर ठेवतो, आणि पोरगं पाटीकडे बघत नाही म्हणून ओरडतो.

आणि परळच्या चाळीतली ती एकच खोली आपल्यातल्या कुणाला माहीत नाही? बाबासाहेबांच्या चरित्रात लिहिलेलंय. खोलीत अभ्यासाला जागा नव्हती, शांतता नव्हती. रामजीबाबा भीमाला लवकर झोपवायचे, स्वतः रात्री दोनपर्यंत जागायचे, मग त्याला उठवून अभ्यासाला बसवायचे आणि त्याच्या जागी आपण झोपायचे. आम्ही जयंतीला भीमाच्या एकाग्रतेवर भाषणं ठोकतो. ती एकाग्रता बापाच्या झोपेतून कापून आणलेली होती, हे कोण सांगतो? पोराचं लक्ष हा नुसता पोराचा गुण नसतो. कुणीतरी आपला वेळ मोडून त्याला ती जागा करून दिलेली असते.

आता रंगपेटीची गोष्ट. ही सांगायची नव्हती, पण तिच्याशिवाय लेख खोटा होईल.

दिवाळीच्या आधी मी पोरीला म्हणालो होतो, पगार झाला की तुला रंगपेटी आणतो. पगार झाला. खर्च निघाला. म्हटलं, पुढच्या पगाराला. असे पाच पगार झाले. पेटी काही फार महाग नव्हती. तेवढ्या पैशाचा मी महिन्याला चहा पितो. नुसतं राहून गेलं. एके दिवशी मी तिला म्हणालो, “गणितं कर, मग उद्या तुला रंग आणतो.” तिने माझ्याकडे बघितलं. चिडून नाही, उत्सुकतेने. आणि विचारलं, “मामा, तुझा उद्या कवा येतो?”

मी काय उत्तर देणार?

अमेरिकेत एक प्रयोग फार गाजला. वॉल्टर मिशेल नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकाच्या शेवटी स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत सुरू केलेला. लहान पोरासमोर मार्शमॅलोसारखा एखादा गोड खाऊ ठेवायचा. सांगायचं, मी परत येईपर्यंत खाल्ला नाहीस तर दोन मिळतील. पुढं असं बोललं गेलं की जी पोरं थांबली ती आयुष्यात पुढं गेली. झालं, सगळीकडे संयमाची प्रवचनं सुरू. २०१८ साली नऊशेवर मुलांच्या माहितीवरून ते परत तपासलं गेलं. घरची परिस्थिती हिशेबात धरली तेव्हा तो संबंध बराचसा उरला नाही.

पण मला जास्त भिडला तो २०१३ सालचा प्रयोग, रॉचेस्टर विद्यापीठातला. अठ्ठावीस मुलं. आधी त्यांना जुने रंगखडू दिले आणि सांगितलं, थांबलात तर छान नवे आणून देतो. निम्म्या मुलांना खरोखर आणून दिले. निम्म्यांना सांगितलं, माफ करा, नाहीत आमच्याकडे. त्यानंतर खाऊचा प्रयोग केला. ज्यांना रंग मिळाले होते ती पोरं सरासरी बारा मिनिटं थांबली. ज्यांना फसवलं होतं ती तीन मिनिटं.

रंगखडूच. मी वाचता वाचता मोबाईल खाली ठेवला.

म्हणजे बघा, पोरगं थांबत नाही, टिकत नाही, हातातलं पुरं करत नाही, याला आपण त्याच्या स्वभावाचा दोष म्हणतो. त्याने साधा हिशेब केलेला असतो. ज्याच्या घरात मोठ्यांचा उद्या कधी उजाडत नाही, त्याने आजचं आज खाल्लं तर त्यात चूक काय? आणि दहा गणितं पुरी करायची कुणाच्या भरवशावर? लक्ष द्यायचं तर पुढं काहीतरी आहे असा भरवसा लागतो. तो भरवसा मी माझ्या हाताने पाच पगार तोडला होता.

तेव्हा मला कळलं की मी चालढकल या एका शब्दात दोन वेगळ्या गोष्टी कोंबत होतो. माझी कविता मी उद्यावर टाकतो तेव्हा उद्या म्हणणारा मीच आणि वाट बघणाराही मीच. तिथं फार तर मूर्खपणा होतो. पण उद्या म्हणणारा एक आणि वाट बघणारा दुसरा असेल, तर तो नीतीचा प्रश्न होतो. सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले करा, असा ठराव मुंबईच्या कायदे कौन्सिलात १९२३ ला झाला. महाड नगरपालिकेने १९२४ ला तो मान्य केला. तळ्याच्या पाण्याला आपला हात लागायला २० मार्च १९२७ उजाडावं लागलं, तेही मार खाऊन. आणि कोर्टकचेरी संपून हायकोर्टाचा निकाल लागला १९३७ साली. प्रत्येक टप्प्यावर कुणीतरी शांतपणे म्हणत होतं, बघू, इतक्यात नको. त्याला तहान नव्हती. तहान दुसऱ्याला होती. दुसऱ्याच्या तहानेवर आपला उद्या ढकलणं याला चालढकल म्हणू नये. त्याला अन्यायच म्हणावं.

माझी रंगपेटी त्या तळ्याएवढी मोठी नाही, मला माहीत आहे. पण जात तीच. मोठा माणूस म्हणतो उद्या, आणि लहान माणूस थांबतो. थांबणाऱ्याला विचारायची सोय नसते. माझ्या भाचीने विचारलं, हे तिचे उपकार.

म्हणून मी स्वतःपुरता नियम केलाय. कामाला उद्या सांगायला हरकत नाही, पण बाबीन हातात घेऊन. माणसाला उद्या सांगायचा तर तारीख सांगून. आणि पोराला उद्या सांगायचाच नाही. जमणार नसेल तर सरळ नाही म्हणायचं. ‘नाही’ने पोरगं एकदा रडतं. खोट्या ‘उद्या’ने ते वाट बघायचंच सोडून देतं.

रंगपेटी मी आणली. बारा रंगांची. लगेच चमत्कार झाला असं काही नाही. पोरीने पेटी घेतली, उघडली, आणि विचारलं, “ही माझीच का धाकट्याची पण?” अपूर्णांक अजून तिला नीट येत नाहीत. छेद समान करताना चुकते. पण दुसरी पाळी नसते त्या आठवड्यात संध्याकाळी चाळीस मिनिटं नळ, दुकान आणि धाकटा माझ्याकडे असतो. आक्काला सांगून ठेवलंय, त्या वेळात हाक मारायची तर मला. पहिल्या आठवड्यात पोरगी त्यातली वीस मिनिटं दाराकडेच बघत होती, हाक येतीय का म्हणून. कान सवयीने तिकडे लागलेले. आता थोडं कमी बघते.

आणि माझी कविता? लेख संपवताना तिचा हिशेब द्यायला पाहिजे. बाबीन भरलेली आहे की रिकामी हे लांबून बघून कळत नाही, विशेषतः रात्रपाळीला, उजेड कमी असतो तेव्हा. हातात घ्यावी लागते. वजन लगेच कळतं. मी तीन वर्षं वहीला हातच लावला नव्हता आणि स्वतःला सांगत होतो, कविता मुरतेय. हात न लावता कुणाला कळलंय?

काल धाकट्याला मांडीवर झोपवून मी वही उघडली. पोरगी समोर गणितं करत होती. ती ओळ तशीच होती. तिच्याखाली मी लिहिलं की आई बापाला हात हलवून जेवायला बोलवायची, आणि तो कसा ताटाकडे न बघता आधी तिच्या हाताकडे बघायचा. शब्द अशुद्ध असतील. पोरीने मान वर करून विचारलं, “मामा, काय लिव्हतोयस?” म्हटलं, “तुझ्या आजोबांचं. तू तुझं कर.” तिने मान खाली घातली. मी पण घातली.